अर्ज न करणाऱ्यांचं काय?

निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे. पाहुण्याला ते एकच गाव वाटतं, पण निपाणी कर्नाटकात आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. तिथल्या देवचंद कॉलेजात जाणारी निपाणीची मुलं रोज सकाळी राज्य ओलांडतात आणि पदवी घेतात ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. त्यांचीच भावंडं बेळगावला गेली तर त्यांना राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी मिळते, अभियांत्रिकीला गेली तर व्हीटीयूची. एका घरात तीन विद्यापीठांची प्रमाणपत्रं असू शकतात. म्हणून कुठलं विद्यापीठ कुणाचा आणि कसा गौरव करतं, हा विषय इथे जेवणाच्या ताटावरही निघतो.

ज्या दोघांचं बोलणं इथे देतो आहे, त्यांतले मामा एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं त्यांच्याकडे परीक्षा विभाग होता. भाची बेळगावात सहायक प्राध्यापक आहे. वार्षिक गुणगौरवाची नियमावली करायचं काम तिच्यावर आलं आहे, विद्यार्थी, अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी अशा तिन्ही गटांसाठी. मसुदा घेऊन ती मामांकडे आली. मी शेजारचा, मलाही बोलावलं होतं.

भाची : मामा, अध्यापकांसाठी शंभर गुण ठेवलेत. संशोधनाला चाळीस, निकालाला वीस, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला वीस, इतर कामांना वीस. ज्याला पुरस्कार हवा त्याने पुराव्यांसह प्रस्ताव द्यायचा.

मामा : म्हणजे सत्कार पाहिजे तर आधी अर्ज करायचा.

भाची : मग काय करायचं? चार जण खोलीत बसून ‘हा आपला माणूस’ म्हणून नाव काढणार? तुमची हयात यात गेली आहे, ते कसं चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. संस्थेत कुणाचं वजन आहे, आडनाव काय, घरात कन्नड बोलतात की मराठी, हे सगळं न बोलता मोजलं जातं. गुण कागदावर असले की माझ्यासारखी बाहेरून आलेली बाई निदान विचारू तरी शकते, मला का नाही?

मामा : ते मला मान्य आहे. पण अर्ज कोण करतं ते बघ की. ज्याला स्वतःबद्दल लिहायची सवय आहे तो करतो. दुसरा माणूस वर्गावर असतो. संध्याकाळी मुलं दारात असतात, त्यांची फी, त्यांची जातीची प्रमाणपत्रं, घरची भांडणं, सगळं निस्तरतो. त्याला फाइल करायला वेळ नाही आणि स्वतःचं कौतुक स्वतः लिहायला हात धजत नाही. तुझ्या पद्धतीत तो शर्यतीतच नाही. आणि बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून केएलई संस्था काढली. लोक त्यांना आजही सप्तर्षी म्हणतात. त्यांनी कुठे प्रस्ताव दिला होता?

भाची : सप्तर्षींची गोष्ट वेगळी. त्यांनी संस्था काढली, ती वाढली, म्हणून नाव उरलं. पुढच्या शंभर वर्षांत त्या संस्थेत किती शिक्षक चांगलं शिकवून गेले असतील, त्यांचं काय? लोकांच्या आठवणीवर सोडलं तर मोठी नावं तेवढी राहतात.

हा मुद्दा मामांना लागला असावा, कारण ते गुणांच्या पद्धतीकडे वळले. यूजीसीने २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले. शोधनिबंधाला इतके, परिषदेतल्या वाचनाला इतके, पुस्तकाला इतके. त्यानंतर काय झालं ते महाविद्यालयात काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं निघाली, आणि ज्यांनी आयुष्यात संशोधनाचा ध्यास घेतला नव्हता त्यांनाही तो घेतल्याचं दाखवावं लागलं. २०१८ च्या नियमांत यूजीसीलाच त्या पद्धतीतून बरंच मागे यावं लागलं.

मामा : शिकवणं मोजायला अवघड, म्हणून मोजायला सोपं ते मोजलं. त्याचाच ठसा तुझ्या चाळीस गुणांवर आहे.

भाची : चाळीस कमी करीन. पण मोजणंच नको असं म्हणाल तर मी ऐकणार नाही. मोजमाप चुकलं तर दुरुस्त करता येतं. मर्जी चुकली तर कुणाला सांगायचं? आणि नियम नीट लिहिलेले नसले की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. जी. ए. कुलकर्णी बेळगावात वाढले, पुढे तीसेक वर्षं धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. १९७३ ला ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाचं साल नियमात बसतं की नाही यावरून वाद उठला आणि त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. त्या पुस्तकाची योग्यता कुणी नाकारली नव्हती, घोळ तारखेचा होता. अशा माणसाला अपमान सोसायला लावायचा नसेल तर नियम आधी घासूनपुसून घ्यायला हवेत.

मामा : हे बरोबर बोललीस.

भाची : मग?

मामा : नियम पाहिजेतच. पण नियम निवडीसाठी असू देत, शोधासाठी नकोत. नावं तुम्ही शोधायला जा. नाव सापडल्यावर मग लाव तुझे गुण.

माझ्या मते त्या संध्याकाळच्या बोलण्याचा गाभा इथेच होता. विद्यापीठात शोध आणि निवड या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर उरकल्या जातात. अर्ज मागवला की शोधाचं काम आपोआप अर्जदारावर पडतं आणि समिती मोकळी होते. वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसणं, माजी विद्यार्थ्यांना फोन करणं, ग्रंथालयात कुणाच्या सांगण्यावरून मुलं कुठली पुस्तकं मागतात हे विचारणं, ही कामं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. गुणगौरव करणाऱ्या संस्थेचं पहिलं कर्तव्य बघणं हे आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं, असं मला मनापासून वाटतं.

बोलणं मग विद्यार्थ्यांकडे वळलं. २०२२ मध्ये व्हीटीयूच्या बेळगावातल्या दीक्षांत समारंभात रायचूरच्या कॉलेजातल्या, स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या एका मुलीला सोळा सुवर्णपदकं मिळाली. सगळ्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले.

भाची : त्या मुलीने प्रत्येक पदक कमावलं होतं. मला त्या बातमीचा आनंदच झाला.

मामा : मलाही झाला. मुलीने मिळवलं ते तिचंच. मी बोलतोय ते पदकांबद्दल. पदक येतं कुठून? कुणीतरी आईच्या नाहीतर वडिलांच्या नावाने रक्कम भरतो. विद्यापीठ ती ठेव म्हणून ठेवतं आणि व्याजातून दरवर्षी पदक करतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भरलेल्या रकमेच्या व्याजात आज सोनं येत नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी आत दुसरा धातू आणि वर सोन्याचा मुलामा. ते असू दे, मुलाला त्याचं काही नाही. खरी गोष्ट अटीची. ठेव भरताना देणगीदार विचारतो, अट काय घालू? समोरचा म्हणतो, घाला की, अमुक शाखेत सगळ्यांत जास्त गुण. पुढचा येतो, तोही तेच घालतो. वीस घरांनी वीस माणसांच्या आठवणीत पैसे दिले आणि सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला, पहिलं कोण आलं? मग सगळी पदकं एका ओंजळीत पडणारच.

भाची : दुसरं काय विचारणार?

मामा : आपल्या भागातच विचारण्यासारखं किती आहे! सातवीपर्यंत, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली पोरं. मग कन्नड, मग एकदम सगळं इंग्रजीत. पहिल्या सत्रात त्यांतली निम्मी गळपटतात. त्यांतलाच एखादा शेवटच्या वर्षाला पहिल्या वर्गात येतो. पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत सगळ्यांत लांबचा पल्ला कुणी मारला, या अटीचं पदक का नसावं? यात मर्जीचा प्रश्न नाही. सगळे आकडे परीक्षा विभागात पडलेले आहेत, कुणी काढत नाही एवढंच.

भाचीने हे लगेच लिहून घेतलं. ‘लांबचा पल्ला’ हे नावही तिने तसंच ठेवलं. तिला आकडे हवे होते आणि मामांना न दिसणारी मुलं दिसायला हवी होती. एका अटीत दोन्ही साधलं.

अशी पदकं अगदीच नाहीत असं नाही. शिवाजी विद्यापीठाचं राष्ट्रपती सुवर्णपदक फक्त गुणपत्रिका बघून दिलं जात नाही. अभ्यासाबरोबर एनसीसी, एनएसएस, खेळ, वक्तृत्व, नेतृत्व हे सगळं बघितलं जातं, म्हणूनच दक्षिण महाराष्ट्रात त्या पदकाला वेगळा मान आहे. नव्याने ठेव भरणाऱ्यांसमोर विद्यापीठाने अशा दहा-बारा अटींची यादी ठेवावी. देणगीदार बहुतेक वेळा सुचवलेलं ऐकतात.

समारंभाच्या स्वरूपावर मात्र दोघांचं जुळेना, आणि तिथे भूमिका उलट्या झाल्या.

भाची : मला ते व्यासपीठच नको वाटतं. दोन तासांच्या कार्यक्रमात दीड तास पाहुण्यांचे सत्कार. म्हैसुरी पेटा, गंधाचा हार, फळांची करंडी, आणि सगळं आलेल्या आमदारांना. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, ती मुलं ओळीत उभी राहतात, नाव उच्चारायला तीन सेकंद, फोटोला दोन. त्यापेक्षा प्रमाणपत्र घरी पाठवा आणि रक्कम बँकेत जमा करा.

मामा : नको, नको. हे करू नकोस. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या, घरात विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांची पोरगी एमएस्सी झाली तर प्रमाणपत्रावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. पोरगीने काय केलं हे त्यांना कळतं ते सभागृहात. पाचशे माणसं बसली आहेत, माइकवरून आपलं आडनाव पुकारलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बँकेच्या मेसेजमधून कळणार नाही. पाहुण्यांचे हार बंद कर, मी तुझ्या बाजूने सही करतो. पण पोरांचं व्यासपीठ काढून घेऊ नकोस.

भाची : पण टाळ्या वाजल्या म्हणजे कळलं का? त्या आईला एवढंच कळलं की पोरीला काहीतरी मिळालं. पोरीने काय केलं ते कुठे कळलं?

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, भाची इथे नेमक्या जागी बोट ठेवत होती. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ या दोन शब्दांच्या पलीकडे आपली प्रमाणपत्रं जात नाहीत. कुठली कामगिरी? कुणाच्या उपयोगाची? आपल्याकडे मानपत्राची जुनी पद्धत होती. त्यात अलंकार जास्त असत हे खरं, पण निदान माणसाने काय केलं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवत. प्रत्येक सत्कारापूर्वी चार-पाच वाक्यं वाचावीत, असं मी सुचवलं. या मुलीने घटप्रभेच्या पाण्याचे नमुने दोन वर्षं तपासले, त्यात तिला अमुक आढळलं, असं. आणि ज्या घरातून माणूस आला त्या घराच्या भाषेत, कन्नड घराला कन्नडमध्ये, मराठी घराला मराठीत, उर्दू घराला उर्दूत. बेळगावसारख्या ठिकाणी भाषेवरून बस अडतात आणि पाट्यांवरून माणसं रस्त्यावर येतात. तिथे विद्यापीठाच्या व्यासपीठावर पाठोपाठ तीन भाषांत मुलांचं कौतुक वाचलं गेलं तर ते फार मोठं काम होईल. द. रा. बेंद्र्यांना ‘नाकुतंती’ या कन्नड संग्रहासाठी ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या घरची भाषा मराठी होती, मराठीत लिहिलेल्या ‘संवाद’ला केळकर पुरस्कार मिळाला, आणि सोलापूरच्या कॉलेजात ते कन्नड शिकवत. याच बेंद्र्यांना ‘नरबली’ या कवितेपायी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात राहावं लागलं होतं. अशा माणसाचा वारसा दोन्ही भाषांचा आहे, आणि तो सांगायला बेळगावच्या विद्यापीठांहून योग्य जागा नाही.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा विषय आला तेव्हा मामा खुर्चीत पुढे सरकले.

भाची : खरं सांगू? या गटाचे निकष मला सुचलेच नाहीत. हजेरी, सेवेची वर्षं, वरिष्ठांचा शेरा, एवढंच लिहिलंय.

मामा : हजेरीला बक्षीस द्यायचं तर यंत्राला द्या. परीक्षा विभागातल्या चांगल्या माणसाचं काम कसं दिसतं सांगू? दिसतच नाही. हॉल तिकिटावर चुकीचा विषय आला नाही, प्रश्नपत्रिकेचा गठ्ठा चुकून दुसऱ्या केंद्रावर गेला नाही, कुठल्या पोराचा निकाल राखून ठेवला गेला नाही. काही घडलंच नाही, म्हणजे काम उत्तम झालं. पुरावा काय जोडणार? न घडलेल्या चुकांची झेरॉक्स?

भाची : आणि लॅब अटेंडंट?

मामा : त्यालाच विचार, गेल्या दहा वर्षांत कुठल्या पीएचडीवाल्याने प्रबंधात आभार मानले. ज्याने मानले असतील त्याचं नाव तो तारखेसकट सांगेल. बाकी तू मसुद्यात काय लिहायचं ते आपोआप सुचेल.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबरला आपल्या वर्धापनदिनी गुणवंत शिक्षकांबरोबर गुणवंत सेवकांचाही सत्कार करतं, ही पद्धत चांगली आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २०१७ पासून एक पाऊल पुढे टाकलं. प्रयोगशाळेत, कार्यशाळेत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना संस्थेत आणि बाहेर ओळख मिळेल, त्यांना पुढे जायला वाट असेल, असं जाहीर वचन देणारा करार तिथल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी केला. आता अनेक संशोधन नियतकालिकं निबंधाखाली कुणी काय काम केलं हे चौदा भूमिकांमध्ये वाटून छापतात. उपकरण कुणी चालवलं, माहिती कुणी गोळा केली, हे त्यात येतं. बेळगावातल्या एखाद्या विभागाने उद्यापासून हे करायचं ठरवलं तर त्याला एक रुपयाही लागणार नाही.

मला इथे इंदिरा संतांची आठवण झाली. निपाणीजवळचं तवंदी हे त्यांचं गाव. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या आधी शिकवत होत्या, पुढे तिथेच प्राचार्य झाल्या. १९८४ मध्ये ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. कवयित्री म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, घ्यायलाच हवं होतं. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्राथमिक शिक्षकांनी खेड्यापाड्यांत जाऊन वर्षानुवर्षं जे शिकवलं, ते कर्तृत्व कुठल्या पुरस्कारात मावलं? शिक्षकाचं फळ फार उशिरा आणि फार लांब पिकतं. म्हणून मी भाचीला सुचवलं की अध्यापकांसाठी एक पुरस्कार दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून द्यावा. आजच्या विद्यार्थ्याला कडक शिक्षक आवडत नाही. दहा वर्षांनी त्याचं मत बदलतं, आणि तेव्हा त्याला गुणांची गरजही उरलेली नसते.

भाची : हे घेते. पण एक अडचण मी अजून सांगितली नाही. आधीच्या नियमावलीत अट आहे, सलग पाच वर्षं कायम सेवा. या अटीत अतिथी व्याख्याते बसत नाहीत. आमच्याकडे कित्येक विषयांचे निम्म्याहून अधिक तास तेच घेतात. त्यांची नेमणूक वर्षापुरती, कधी सत्रापुरती. सुट्टीत पगार नाही. दहा-दहा वर्षं शिकवूनही कागदावर त्यांची सेवा सलग होत नाही.

मामा : मग ती अट काढ.

भाची : काढली. ‘सलग’ आणि ‘कायम’ दोन्ही शब्द काढले. एकूण किती वर्षं शिकवलं एवढंच ठेवलं. पण मला शंका अशी येते, की त्यांना शाल देऊन आपण त्यांचा पगाराचा प्रश्न झाकतोय का? व्यासपीठावर गुणवंत म्हणायचं आणि जूनमध्ये परत मुलाखतीला उभं करायचं?

मामा : झाकला जाईल, जर नुसतंच ‘उत्कृष्ट कामगिरी’ म्हटलं तर. सत्काराआधी वाचायची ती चार वाक्यं आहेत ना, त्यांत लिही. बारा वर्षं शिकवलं, अकरा वेळा फेरनेमणूक झाली, दर आठवड्याला इतके तास. कुलगुरूंसमोर, पालकांसमोर वाचलं जाऊ दे. मग झाकणार कसं?

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मसुद्यात ते कलम घातलं. अतिथी व्याख्यात्यांच्या मानपत्रात नेमणुकांची संख्या आणि साप्ताहिक तास नमूद करावेत. संशोधनाचे गुण तिने चाळीसवरून वीसवर आणले. मामांना दहा हवे होते, त्यावर तिने ऐकलं नाही. शोधासाठी तिघांची वेगळी समिती ठेवली. त्यात एक शिक्षकेतर कर्मचारी असेल आणि ही समिती अर्ज स्वीकारणार नाही, फक्त फिरून, विचारून नावं आणेल. अर्जाची वाटही तिने बंद केली नाही. ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जाणार नाही त्याला स्वतःचं नाव पुढे करायचा हक्क हवा, असं तिचं म्हणणं होतं. मामांनी ते शेवटी मान्य केलं, पण नाखुशीने.

मामा : बैठकीत पहिलं काय खोडतील माहीत आहे ना? ते अतिथीवाल्यांचं कलम.

भाची : खोडू देत. पण कुणी खोडलं आणि का खोडलं, ते इतिवृत्तात लिहून खोडू देत. इतिवृत्त मीच लिहिणार आहे.